चिकाची वाटी
उन्हाळ्याच्या सुट्टीत घरोघरच्या आयांना हल्ली काहीतरी घरीच करून पाहायची हुक्की येते, आणि त्यात कुरडई सगळ्यात खट्याळ. गहू ३ दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं (नाहीतर वासाची तक्रार शेजारून येते), मग वाटून, पिळून चोथा वेगळा काढायचा आणि चीक रात्रभर निवळू द्यायचा. सकाळी वरचं पाणी ओतून दिलं की तळाशी घट्ट, पांढराशुभ्र चीक. मीठ-हिंग घातलेल्या उकळत्या पाण्यात तो धार धरून ओतायचा आणि गुठळी होऊ न देता ढवळत राहायचं. खरी परीक्षा इथेच. आईने केलेल्या कागदी फुलांना, जुन्या साड्यांच्या गोधडीला मुलं ‘छान आहे’ म्हणतात आणि सटकतात. चिकाच्या पातेल्याभोवती मात्र वाट्या घेऊन उभी राहतात. कुणाला दूध-साखर हवी, कुणाला कच्चं तेल नि तिखट. निम्मा ऐवज सोऱ्यात जाण्याआधीच संपतो. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ या पाककृतींच्या पुस्तकाने १९७० पासून वाटी-चमच्याच्या मापाने नवशिक्यांची भीती घालवली खरी, पण चीक शिजला की नाही हे अजून हातालाच कळतं, आणि तो हात बहुधा सासूबाईंचा असतो. बाजारात तयार कुरडयांचं पाकीट मिळतं, कष्टांच्या मानाने स्वस्तच. पण त्यात वाटीभर गरम चीक नसतो, आणि तेवढ्यासाठी मुलं पुढच्या वर्षीही आईला गहू भिजवायला लावणार.