गुणपत्रिका कुठवर पुरते?

पूर्णेवरच्या येलदरी धरणाची दर पावसाळ्यात एकच चौकशी होते: किती टक्के भरलं? जिंतूरपासून वसमत, नांदेडपर्यंत सगळ्यांचे कान त्या आकड्याकडे असतात. आकडा कळला की लगेच दुसरा प्रश्न येतो: पाणीपाळी कधी सुटणार? धरणातलं पाणी २२.५ मेगावॉटच्या वीजघरातून खाली सिद्धेश्वरला जातं आणि तिथून कालव्यांनी रानात. साठ्याची किंमत या पुढच्या प्रवासावर ठरते, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्याच्याच घरातल्या लेकराची गुणपत्रिका हातात आली की मात्र आपण सगळे पहिल्याच प्रश्नावर थांबतो.

येलदरीहून जिंतूरला किंवा परभणीला कॉलेजसाठी जाणाऱ्या मुलामुलींपुढचा पेच खरा आहे. पदवीला वरचा ग्रेड मिळावा म्हणून रात्री जागवाव्यात, की पास होण्यापुरतं वाचून उरलेला वेळ एमपीएससीला, पोलीस भरतीच्या मैदानाला, नाहीतर शेतातल्या कामाला द्यावा? 'डिग्री म्हणजे नुसता कागद' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. 'पहिला नंबर काढ, दुसरं काही बघू नको' असं म्हणणारेही तितकेच. दोन्ही सल्ले अर्धे आहेत, आणि अर्ध्या सल्ल्यावर तीन वर्षं घालवणं या घरांना परवडत नाही.

आधी व्यवहार पाहू. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला पदवी लागते, पदवीचे टक्के कुणी विचारत नाही. एमपीएससीतल्या बहुतेक पदांचंही तसंच. पण प्राध्यापक व्हायचं असेल तर नेट-सेटसाठी पदव्युत्तर परीक्षेत खुल्या प्रवर्गाला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५०. कॅम्पस मुलाखतीला येणाऱ्या कित्येक कंपन्या ६० टक्क्यांखालचा अर्ज बाजूला ठेवतात. म्हणजे गुणांना किंमत आहे, पण ती उंबरठ्यापाशी. ५४ आणि ५५ यांत आयुष्याचा फरक पडू शकतो. ८८ आणि ९१ यांत तो क्वचितच पडतो.

आता दोन माणसं पाहा. रोह्याचे चिंतामणराव देशमुख १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले. पुढे केंब्रिज, आयसीएस, आणि १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. दुसरे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. परळच्या चाळीतल्या एका खोलीत अभ्यास करून १९०७ साली ते मॅट्रिक झाले, ७५० पैकी २८२ गुणांनी. पुढे कोलंबिया आणि लंडन इथे त्यांनी मिळवलेल्या पदव्या सगळ्यांना ठाऊक आहेत. १९५० साली त्यांनी मराठवाड्याच्या मुलांसाठी औरंगाबादला महाविद्यालय उघडलं. त्याच वर्षी देशमुख अर्थमंत्री झाले. मॅट्रिकचा पहिला नंबर आणि ते २८२ गुण देशाच्या एकाच मंत्रिमंडळात शेजारी बसले.

यावरून गुणांना अर्थ नाही असं कुणी म्हणेल, तर ती घाई होईल. बाबासाहेबांचं वाचनाचं वेड केळुस्कर गुरुजींनी हेरलं होतं. त्यांनी सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि शिष्यवृत्तीचं दार उघडलं. आज येलदरीच्या शेतमजुराच्या मुलीसाठी शब्द टाकायला कोण आहे? मुंबई-पुण्यातल्या मुलाला मामा असतो, बाबांचे मित्र असतात, शाळेचं नाव असतं. तिच्याजवळ फक्त गुणपत्रिका आहे. तिला न पाहिलेल्या, तिचं गाव नकाशावर न सापडणाऱ्या माणसापुढे तिची शिफारस तोच कागद करतो. म्हणून मी तिला सांगेन: बाई, गुणांसाठी कष्ट कर. मनापासून कर. ज्यांना वशिला आहे त्यांनीच 'मार्कांना काय करायचं' असं म्हणावं.

पण बाबासाहेबांचं जे गुरुजींना दिसलं, ते गुणांच्या बेरजेत कुठे होतं? ते ग्रंथ घेऊन बसण्याच्या सवयीत होतं. आपल्याकडे वरच्या चार-पाच टक्क्यांसाठी जी धडपड चालते, ती बहुतेक वेळा गाईडमधली उत्तरं पाठ करण्याची असते. अपेक्षित प्रश्नसंच, सुवाच्य अक्षर, पुरवण्यांची संख्या. सेमिस्टर संपलं की सगळं पुसलं जातं. त्या शेवटच्या टक्क्यांचे तास मी वाचवायला सांगेन. ते मूळ पुस्तक वाचायला द्या, इंग्रजीत चार वाक्यं न अडखळता बोलायला द्या. बीएस्सी ॲग्रीला असाल तर स्वतःच्या शेतातली माती तपासून तिचा अहवाल समजून घेण्यात घाला.

नांदेडला १९९४ साली स्वतंत्र विद्यापीठ झालं ते आपल्या भागातल्या मुलांना उच्च शिक्षण जवळ मिळावं म्हणून. परीक्षा घेऊन ग्रेड वाटण्यावर त्याची, आणि त्याला जोडलेल्या प्रत्येक महाविद्यालयाची, जबाबदारी संपत नाही. वर्गातल्या प्रत्येक मास्तरानं निदान एका मुलाच्या बाबतीत केळुस्कर व्हावं. मुलांनी उंबरठा ओलांडण्याइतके गुण जिद्दीनं मिळवावेत आणि पलीकडे गेल्यावर लागेल ते ज्ञान आजपासून जमवावं. आईबापांनी निकालाच्या दिवशी टक्के जरूर विचारावेत, अभिमानानं विचारावेत. त्यानंतर शेजारी बसवून हेही विचारावं, की यातलं तुला समजलं किती आणि त्याचं तू काय करणार आहेस.