पान उलटून पाहू या



आपल्या उज्जैनच्या वेधशाळेत जमिनीवरून आकाश पाहतात. आता शेतीसाठी आकाशातून जमीन पाहिली जाते. निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण परत फेकते. हा फरक टिपून ड्रोन व उपग्रह कमजोर पीक दाखवतात. पंतप्रधान पीक विमा योजनेत उत्पन्न ठरवताना उपग्रहचित्रांवरील अंदाजही धरला जातो. २०२४ च्या खरिपापासून त्यात सोयाबीन आले. म्हणजे आपल्या माळव्यातील शेतकऱ्याची भरपाई या चित्रांशी जोडली गेली आहे.

तंत्र हवेच, त्याने वेळ वाचतो. पण सोयाबीन हिरवेगार दिसते आणि शेंगा मात्र भरत नाहीत, असेही होते. पान पिवळे पडले तर दोष पांढऱ्या माशीने पसरवलेल्या मोझॅकचा की साचलेल्या पाण्याचा, हे शेतात उतरूनच कळते. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की चित्राबरोबर प्रत्यक्ष पीक कापणीचे मोजमापही राहिलेच पाहिजे.

मुलांनो, ड्रोन जरूर शिका. पण या पावसाळ्यात एखाद्या शेतात जाऊन सोयाबीनचे पान उलटून पाहा, शेंग सोलून दाणे मोजा.

— मुख्याध्यापक