औषध देणारा हात आणि औषध लिहिणारा हात

१/ मोहर्ली हे नाव बहुतेकांना ठाऊक असते ते ताडोबाच्या प्रवेशद्वारामुळे. पर्यटक वाघ पाहून परततात. जंगलकाठची गावे तिथेच राहतात. अशा गावात रात्री एखादे तान्हे मूल धापा टाकू लागले, तर परिचारिका जवळ असू शकते, औषधही कपाटात असू शकते. पण ते औषध ठरवण्याचा अधिकार कोणाचा? आजचा थ्रेड या अधिकाराच्या इतिहासाविषयी.

२/ सुरुवात १९४६ पासून करू. त्या वर्षी सर जोसेफ भोर यांच्या समितीने ब्रिटिश हिंदुस्थानच्या आरोग्याचा अहवाल सादर केला. सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० लोकांमागे एक परिचारिका, असे त्यातील चित्र होते. नोंदणीकृत ४७,५२४ डॉक्टरांपैकी २९,८७० जण पदवीधर नव्हते; ते कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेले ‘लायसेन्शिएट’ होते.

३/ समितीने एकाच दर्जाचा पदवीधर डॉक्टर घडवावा, अशी शिफारस केली. काही सदस्यांनी भिन्नमत नोंदवून लायसेन्शिएट शिक्षण चालू ठेवण्याचा आग्रह धरला. तो मानला गेला नाही. बहुमताचा हेतू उदात्त होता : खेड्यातील माणसाला दुय्यम वैद्यक मिळू नये. परंतु पदवीधर डॉक्टर शहरांतच एकवटले आणि मधली पायरी नाहीशी झाली.

४/ आता आपल्या मुलखात येऊ. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेथे ‘सर्च’ संस्थेचे काम आरंभले. बालमृत्यूंचे एक प्रमुख कारण न्यूमोनिया होते आणि त्यावरचे औषध स्वस्त होते. ते वेळेवर देणारे कोणी नव्हते.

५/ बंग दांपत्याने निमवैद्यकीय कर्मचारी, गावातील आरोग्यसेवक आणि दाया यांना न्यूमोनिया ओळखून प्रतिजैविक देण्यास शिकवले. १९९० मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : बालमृत्यू घटले होते. मोजता न येणाऱ्या दायांसाठी त्यांनी एक श्वासमापकही घडवला. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन रांगा. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा.

६/ पुढचा टप्पा अधिक धाडसाचा होता. १९९५ पासून ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळांच्या घरगुती देखभालीचे प्रशिक्षण मिळाले. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला रुग्णालयात नेण्याचा सल्ला त्या आधी देत. आईवडील तयार नसतील, तर त्यांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन देत. हजार जिवंत जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला.

७/ या स्त्रिया परिचारिकाही नव्हत्या, हे ध्यानात ठेवावे. २०११ मध्ये केंद्र सरकारने घरगुती नवजात देखभालीचा कार्यक्रम आशांमार्फत देशभर स्वीकारला, पण इंजेक्शन वगळून. २०१४ मध्ये विशिष्ट परिस्थितीत एएनएमना जेंटामायसिन देण्याची मुभा मिळाली. पुरावा आधी आला; परवानगी पंधरा वर्षांनी, तीही तुकड्यातुकड्याने.

८/ हा पेच केवळ आपला नव्हे. १९८६ मध्येच ब्रिटनमधील कम्बरलेज अहवालाने घरोघरी जाणाऱ्या परिचारिकांना ठराविक औषधे लिहू द्यावीत, असे सुचवले. जखमेची पट्टी मागवायलाही त्यांना डॉक्टरची सही लागत असे. १९९२ मध्ये कायदा झाला. २००६ पासून जादा प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका आपल्या कार्यकक्षेतील जवळजवळ सर्व औषधे लिहू शकतात. यादी टप्प्याटप्प्याने वाढली, ही त्यातली शिकण्याजोगी गोष्ट.

९/ भारतात २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या ३२ व्या कलमाने ‘सामुदायिक आरोग्य प्रदाता’ ही संकल्पना आणली : प्राथमिक व प्रतिबंधक सेवेत ठराविक औषधे स्वतंत्रपणे लिहिण्याचा मर्यादित परवाना. इंडियन मेडिकल असोसिएशनने ३१ जुलै २०१९ रोजी देशव्यापी संप पुकारला. भोंदू वैद्यांना मोकळे रान मिळेल, असा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

१०/ तो आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. प्रतिजैविकांचा बेसुमार वापर हे खरे संकट आहे, आणि गरिबाला कमी दर्जाचे उपचार का, हा भोर समितीचा प्रश्न आजही बोचतो. पण भोंदू वैद्य आणि तीन-चार वर्षे शिकलेली नोंदणीकृत परिचारिका यांना एकाच पंक्तीत बसवणे अन्यायाचे आहे. आज अनेक ठिकाणी परिचारिका निर्णय घेतेच. फक्त त्या निर्णयाला कायद्याचे संरक्षण नसते आणि त्याची तपासणीही होत नाही.

११/ म्हणून माझे मत असे : सार्वजनिक आरोग्यसेवेतील परिचारिकांना औषध लिहिण्याचा अधिकार द्यावा, परंतु गडचिरोलीच्या अटींवर. औषधांची छोटी यादी, स्वतंत्र प्रशिक्षण व परीक्षा, प्रत्येक औषधाची नोंद, त्या नोंदींची डॉक्टरांकडून नियमित तपासणी. ते यश केवळ इंजेक्शनचे नव्हते. त्यामागे शिस्तबद्ध देखरेख होती. देखरेखीविना दिलेला अधिकार म्हणजे शासनाने जबाबदारी झटकणे होय.

१२/ १९४६ मध्ये आपण आदर्श डॉक्टरची वाट पाहायचे ठरवले. जंगलकाठची गावे अजून वाट पाहत आहेत. डॉक्टर यायलाच हवेत, ती मागणी सोडू नये. पण ते येईपर्यंत तान्ह्या मुलाचा श्वास थांबून राहत नाही.

(थ्रेड समाप्त)