नागपाड्याचे चिनी

डुकराच्या इंद्यालाविना ज्यांचे सणाचे जेवण अपुरे, अशा आम्हा वसईच्या भुईगावकर ख्रिस्तीजनांपैकी एका सद्गृहस्थांनी, नागपाड्याच्या जुनाट हलाल चिनी खाणावळीत, कोपरे उडालेल्या सनमायक्याच्या मेजावर, डुक्कर व मद्य वर्ज्य केल्यावर ‘चिनी’ ते काय उरले, अशी तक्रार माझ्यापुढे पेश केली. ती मी साफ खारीज करतो. कारण लान्झोऊच्या हुई मुसलमानांच्या, हातांनी ओढलेल्या हलाल नूडल्स साऱ्या चीनमध्ये मान्यता पावल्या आहेत, आणि कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वँग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लबात आले, लसूण, हिरव्या मिरच्या व सोया सॉस यांच्या संयोगाने सिद्ध केलेल्या चिकन मंचुरियनाकडे तर चीनचा दाखला मागण्याचीच सोय नाही. भुईगावकरांनी वसई रोडहून सरळ मुंबई सेंट्रल गाठावे आणि तिथून नागपाड्याला उपाशीपोटी जावे.