संसारातील यंत्रे : प्रेशर वॉशर घ्यावा काय, आणि कोणता?

कोणतेही यंत्र घेताना ते कोणते घ्यावे हा प्रश्न दुसरा. मुळात घ्यावे किंवा नाही, हा पहिला. आज मोठ्या कुटुंबाच्या दारापुढे एक मोटार, दोनतीन स्कूटरी, मुलांच्या सायकली, आणि गावी शेती असल्यास ट्रॅक्टर व फवारणीचा पंप एवढा पसारा सहज असतो. तो धुवावयाचा कोणी, हा वाद पुष्कळ घरांत दर रविवारी होतो. त्यावर तोडगा म्हणून दाबाने पाण्याचा झोत मारणारे यंत्र, म्हणजे प्रेशर वॉशर, घेण्याचा विचार निघतो. जर्मनीतील कार्चर यांच्या कारखान्याने 1950 साली ऊन पाण्याचे असे यंत्र तयार केले, तेव्हा ते कारखान्यांच्या उपयोगाचे होते. आज ते एका हाताने उचलता येईल एवढे लहान झाले आहे. किंमत मात्र काही हजार रुपये पडते. आणि एकत्र कुटुंबात हे काही हजार रुपये कोणा एकट्याचे नसतात. म्हणून त्याचा विचार सर्वांनी मिळून करावा, हे बरे.

प्रथम पाण्याचा हिशेब पाहू. या यंत्राने पाणी वाचते असे विक्रेते सांगतात. ते खोटे नव्हे, परंतु अर्धेच खरे आहे. बागेतील नळी मोकळी सोडली तर मिनिटाला सुमारे 12 लिटर पाणी जाते. घरगुती यंत्रास सुमारे 6 लिटर पुरतात. पंधरा मिनिटांत नळीने 180 लिटर, तर यंत्राने 90 लिटर खर्ची पडतील. तथापि ज्या घरी दोन बादल्या आणि फडके यांवर मोटार स्वच्छ होते, तेथे लागणारे पाणी तीसचाळीस लिटरच असते. तेव्हा वाचत येते ते नळीच्या मानाने, बादलीच्या मानाने नव्हे. 2016 साली मिरजेहून लातुरास रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले, हे आपल्यापैकी कोणी विसरले नसेल. 2024 च्या उन्हाळ्यात बंगळूर येथे पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घालून पाच हजार रुपये दंड ठेवण्यात आला होता. ज्यांच्या गाडीवर नुसती शहरी धूळ बसते, त्यांनी बादलीच वापरावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु पावसाळ्यातील चिखल फडक्याने पुसू गेल्यास त्यातील वाळू रंगावर ओरखडे काढते. तेथे, तसेच ट्रॅक्टरची चाके, नांगराचे फाळ, मडगार्डांच्या आतील बाजू यांसाठी, या यंत्रास तोड नाही.

आता निवड. वेष्टनावर ठळक छापलेला आकडा दाबाचा असतो आणि तो ‘बार’ या मापात दिलेला असतो. मोटार व स्कूटरीस 80 ते 120 बार दाब पुष्कळ होतो. त्याहून अधिकाचा मोह धरू नये. शिवाय पुष्कळदा तो आकडा कमाल दाबाचा असतो. सतत चालताना मिळणारा दाब त्याहून कमी असतो व तो बारीक अक्षरांत दिलेला आढळतो. तोच पाहावा. जाहिरातीची पारख करण्यास एक सोपे गणित आहे, ते घरातील शाळकरी मुलाकडून करवून घ्यावे. दाबाच्या बारांस दर मिनिटाच्या लिटरांनी गुणून 600 ने भागावे. भागाकार येतो तो किलोवॅटमध्ये पाण्यास मिळणारी शक्ती. उदाहरणार्थ, 100 बार व 6 लिटर घेतल्यास उत्तर 1 येते. 1,500 वॅटच्या मोटारीस हे शक्य आहे, कारण थोडी शक्ती मोटारीत व पंपात वाया जाते. परंतु तेवढीच मोटार सांगून कोणी 200 बार व 9 लिटर छापले असतील, तर उत्तर 3 येते. म्हणजे मोटार घेते त्याच्या दुप्पट देते असे झाले! हे दोन आकडे एकाच वेळी मिळणारे नव्हेत, एवढे समजून घ्यावे.

मोटारीच्या दोन जाती आहेत. कार्बन ब्रशची मोटार हलकी व स्वस्त असते, पण आवाज फार करते आणि लवकर झिजते. इंडक्शन मोटार जड व महाग, परंतु शांत व दीर्घायुषी. महिन्यातून दोनदा मोटार धुणाऱ्यास पहिली चालेल; शेतीची अवजारे नित्य धुणाऱ्याने दुसरी घ्यावी. घोडा सोडताच मोटार आपोआप बंद होण्याची सोय अवश्य असावी. टाकीतून किंवा बादलीतून पाणी ओढावयाचे असल्यास यंत्र ते करू शकते काय हे आधी विचारावे, आणि तोंडाशी गाळणी बसवावी. कारण कचऱ्याने आणि कोरडे चालविल्याने पंप बिघडतो. नळी आखूड नसावी, आणि सुटे भाग व दुरुस्ती आपल्या गावी मिळत असावी.

विजेचे पथ्य तर विशेष पाळले पाहिजे. 2,000 वॅटच्या यंत्रास सुमारे 9 अँपिअर प्रवाह लागतो. ते 6 अँपिअरच्या साध्या प्लगवर लावू नये. 16 अँपिअरचा प्लग, उत्तम अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आर. सी. सी. बी. हवा. ओल्या जमिनीवर तारेचे जोड कधीही ठेवू नयेत.

झोत कोठे मारू नये, हेही सांगणे प्राप्त आहे. तोट्या रंगांवरून ओळखतात: तांबडी म्हणजे सरळ सुईसारखा झोत, पिवळी 15 अंशांची, हिरवी 25 ची, पांढरी 40 ची. गाडीच्या रंगास पांढरी किंवा हिरवी वापरावी आणि तोटी निदान एक फूट दूर धरावी. टायरच्या बाजू, रेडिएटरच्या पातळ पत्र्या, सायकलीचे बेअरिंग यांस जवळून झोत देऊ नये. विजेच्या स्कूटरीवर ‘आय. पी. 67’ लिहिले असते, म्हणून ती या झोतास टिकेल असे मानू नये. ते माप पाण्यात बुडण्याचे आहे, झोताचे नव्हे. जुन्या वाड्याचे चुन्याचे सांधे तर या झोताने उकरून निघतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हे यंत्र मुलांच्या हाती खेळणे म्हणून देऊ नये. जवळून लागलेला झोत कातडी भेदून पाणी आत शिरवितो. बाहेरून जखम टाचणीएवढी दिसते, पण आत मांस नासू शकते. अशा वेळी हळद लावून वाट पाहू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. गाडी धुण्यास जो माणूस ठेवला असेल त्यासही चष्मा व बंद पादत्राणे देणे हे घरधन्याचे कर्तव्य होय.

हे सर्व ध्यानी घेता, एकट्या मोटारीसाठी यंत्र घेऊन ते माळ्यावर ठेवण्यापेक्षा एकाच आवारातील चार बिऱ्हाडांनी मिळून चांगले एक घ्यावे आणि सर्वांनी आळीपाळीने वापरावे, अशी आमची सूचना आहे. खर्च विभागला जाईल, यंत्र गंजत पडणार नाही, आणि ज्या घरी पाणी कमी येते त्याची आठवण शेजारच्या घरासही राहील.