पॅड बदलून टाकू, सर!

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी बाईक ब्रेक दाबला की डावीकडे ओढायला लागली होती. फार नाही, पण जाणवेल इतकं. मीही "बघू रविवारी" करत महिना काढला. मग एका संध्याकाळी नळस्टॉपला पुढचे सगळे अचानक थांबले, मी दोन्ही ब्रेक दाबले, आणि गाडी सरळ थांबायच्या ऐवजी शेजारच्या बसच्या मागच्या चाकाकडे सरकली. हातभर अंतर राहिलं. घरी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी आणि गाडी सर्व्हिस सेंटरला.

(नाव सांगत नाही. दोन-चार मित्रांना विचारलं, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच.) काउंटरवरच्या मुलाने गाडीकडे न बघताच निदान केलं, "पॅड गेले असतील. बदलून टाकू, सर!" बदलले. ओढणं जैसे थे. पुन्हा गेलो. "मग डिस्क वाकली असेल, बदलून टाकू, सर!" या वेळी मात्र मी गाडी तशीच घरी आणली.

माझं म्हणणं साफ आहे. याला निदान म्हणत नाहीत, याला मटका म्हणतात. आकडा लावायचा, लागला तर लागला. फरक एवढाच की पैसे गिऱ्हाईकाचे आणि हाडंही गिऱ्हाईकाचीच.

आता मुळात पॅडचा संशय येतो कुठून? कारवरून. कारला पुढे दोन चाकं, दोन्हींना वेगळे ब्रेक. एका बाजूचा नीट धरला नाही तर गाडी दुसऱ्या बाजूला ओढणारच. बाईकला पुढे चाक एकच! डिस्क डावीकडे असो वा उजवीकडे, थांबवणारा जोर तयार होतो टायर रस्त्याला टेकतो तिथे, म्हणजे गाडीच्या मधोमध. डिस्क एकाच बाजूला असल्याने फोर्क किंचित पिळतो हे खरं, पण धडधाकट गाडीत ते कळतही नाही. पॅड झिजले तर गाडी उशिरा थांबेल. डिस्क वाकली तर लिव्हरला धडधड जाणवेल. एका बाजूला ओढायचं काम सहसा दुसराच कोणीतरी करत असतो.

मग ब्रेक दाबल्यावरच का ओढते? कारण ब्रेक दाबला की वजन पुढे येतं, फोर्क दबतो, आणि पुढचं चाक आपणहून सरळ राहायची जी सवय असते ती कमी होते. एरवी आपण नकळत हँडल सावरत जो दोष झाकत असतो, तो नेमका त्या क्षणी उघडा पडतो. सर्व्हरवर लोड आल्यावर बग दिसतो, तसंच. म्हणून बग लोडचा असतो का?

"पण एबीएस आहे ना?" असं एका मित्राने विचारलं. आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं आहे. पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच. तिरकं बसवलेलं चाक ते सरळ करत नाही.

तर रविवारी सकाळी एका रिकाम्या, सपाट पार्किंगमध्ये गेलो. सपाट अशासाठी, की आपल्या रस्त्यांना पाणी वाहून जायला कडेला उतार असतो आणि आपण डावीकडून चालवतो. थोडं डावीकडे जाणं हा कधीकधी नुसता रस्त्याचा गुण असतो. दोन्ही टायरांची हवा थंड असताना तपासली. मग स्वतःला तपासलं. ब्रेक मारताना सगळं वजन एका हातावर टाकलं तर गाडी वळतेच, म्हणून गुडघ्यांनी टाकी धरली आणि कोपरं सैल सोडली. तरी ओढत होती.

मग ताशी २५ ला फक्त पुढचा ब्रेक. जवळजवळ सरळ. फक्त मागचा. ओढली! म्हणजे पैसे देऊन जे पॅड बदलले ते पुढचे, आणि रोग मागे.

डबल स्टँडवर लावून पुढचं चाक उचललं, हँडल सावकाश इकडून तिकडे फिरवलं. मध्यभागी खाचेत अडकल्यासारखं वाटलं असतं तर कोनसेट गेला असता. चाक खालून धरून पुढे-मागे हलवलं. खटखट नाही. कोनसेट सुटला. मग मागच्या टायरला सुतळी गुंडाळून दोन्ही बाजूंनी ताणत पुढच्या चाकापर्यंत नेली. एका बाजूला फट जास्त, एका बाजूला कमी. मागचं चाक ज्या चिमट्यात बसतं, त्याच्या पिव्होटपासून एक्सलपर्यंत दोन्हीकडे टेपने मोजलं. फरक ५ मिलिमीटर!

हा फरक आला कुठून? ओढणं सुरू व्हायच्या आठवडाभर आधी गाडीची सर्व्हिस झाली होती. बिलावर लिहिलंय, "चेन टाइट". एका बाजूचा नट जास्त फिरवला, दुसऱ्या बाजूचा कमी, झालं काम. चिमट्यावर खुणा असतात, पण त्यांच्यावरही डोळे झाकून विसंबू नये. दोन पाने, एक टेप, वीस मिनिटं. गाडी सरळ.

म्हणजे "केव्हापासून ओढते? त्याआधी गाडीचं काय काम झालं?" हे दोन प्रश्न विचारले असते तरी पुरलं असतं. कोणीही विचारले नाहीत.

पण आता सगळा राग त्या मुलावर काढायचा, तर जॉब कार्ड बघा. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, "ब्रेक प्रॉब्लेम". मी लक्षण सांगितलंच नाही, परस्पर निदान लिहून वर कॉफी प्यायला गेलो. त्याने तिकीट वाचलं, तिकीट बंद केलं. क्लायंटने "नॉट वर्किंग" एवढंच लिहून पाठवलं की आपण दिवसभर त्याच्या नावाने बोटं मोडतो आणि शनिवारी काउंटरवर उभं राहून स्वतः तेच करतो. त्याने विचारायला हवं होतं, हे माझं मत कायम आहे. पण मी सांगायलाही हवं होतं.

तेव्हा पुढच्या वेळी जॉब कार्डावर मी असं लिहिणार आहे, तुम्हीही लिहा: "सपाट रस्त्यावर, ताशी २५ ला, फक्त मागचा ब्रेक दाबल्यावर गाडी डावीकडे जाते. मागच्या सर्व्हिसनंतर सुरू झालं. कारण सापडेपर्यंत काहीही बदलू नये."

शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा.