आठवडाभर ताट लिहा, मग वही बंद करा



"आमचा मुलगा सगळं खातो, तरी अंगाला काही लागत नाही." पालकसभेत हे वाक्य हमखास ऐकू येतं. मग कुणी टॉनिक सुचवतं, कुणी दुधात घालायची पावडर. त्याआधी एक बिनखर्चाची गोष्ट करावी, असं मला वाटतं. घरात कोण काय आणि किती खातं, ते आठवडाभर वहीत लिहावं. नुसती पदार्थांची नावं लिहून भागणार नाही. कर्बोदके, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ किती ग्रॅम, याचा अंदाजही लिहायचा.

लिहायचं कशासाठी? कारण पोट भरलं म्हणजे पोषण झालं, असं आपण धरून चालतो. आता हा दिवस बघा. सकाळी पोहे, डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी बिस्किटं. ताट भरलेलं दिसतं, पण ते बहुतेक कर्बोदकांनीच भरलेलं असतं. 50 ग्रॅम कोरड्या पोह्यांत प्रथिने जेमतेम चार ग्रॅम असतात. दोन पोळ्यांतून सहाएक ग्रॅम मिळतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 32 ग्रॅम लागतात. ही तूट वहीत आकडे मांडल्याशिवाय लक्षात येत नाही.

उपायही स्वयंपाकघरातच असतो. पोह्यांत मूठभर, म्हणजे 20 ग्रॅम शेंगदाणे घातले की पाच ग्रॅम प्रथिने वाढतात. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात आणि 30 ग्रॅम फुटाण्यांतही जवळपास तेवढीच. मटकीची उसळ, वरण-भात, भाजणीचं थालीपीठ हे आपले जुनेच पदार्थ आहेत. धान्याच्या प्रथिनांत जे कमी पडतं ते डाळ भरून काढते, म्हणून ही जोडी चांगली. तेलाकडेही लक्ष जाऊ द्या. एक ग्रॅम कर्बोदके किंवा प्रथिने 4 कॅलरी देतात, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ 9. तळणीचा एखादा पदार्थ रोज ताटात का नको, ते एवढ्यावरून मुलांनाही कळतं.

शिक्षकांसाठी तर हा गणिताचा तयार पाठ आहे. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गांसाठी 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने असा निकष आहे. त्यासाठी एका मुलामागे 100 ग्रॅम धान्य आणि 20 ग्रॅम डाळ धरलेली असते. तांदळात सुमारे 8 टक्के आणि तूरडाळीत सुमारे 22 टक्के प्रथिने असतात, एवढं फळ्यावर लिहा आणि बेरीज मुलांनाच करू द्या. उत्तर 12 च्या आसपास येतं. शेकडेवारी कशासाठी शिकायची, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. बिस्किटाच्या रिकाम्या पुड्यावरचा पोषणतक्ता वाचायला दिला तर आणखी चांगलं.

पण एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. मोजायचं ते घराचं ताट, मूल नव्हे. वर्गात कुणाचा डबा उघडून आकडे काढू नका आणि कुणाचं वजन सगळ्यांसमोर बोलू नका. वाढत्या वयातल्या मुलामुलींना कॅलरी मोजण्याचा नाद लागला, तर जेवणाची भीती बसू शकते. शिवाय प्रत्येक घरची परिस्थिती वेगळी असते. डाळ परवडत नाही म्हणून डब्यात नसेल, तर तिथे उपदेश काय कामाचा? त्या मुलाला शाळेतला आहार रोज आणि पोटभर मिळतो ना, ते आपण बघायचं.

मोबाईलमधल्या ॲपवरही फार विसंबू नका. आपली वाटी केवढी आणि आमटी किती पातळ, ते त्याला काय ठाऊक? घरातली एक वाटी ठरवा, तिच्यात किती ग्रॅम डाळ मावते ते एकदा मोजा आणि तेच माप वापरा. आकडा दोन-तीन ग्रॅमने चुकला तरी बिघडत नाही.

आठ-पंधरा दिवसांत डोळ्यांना सवय होते. ताट बघूनच कळतं, की आज डाळ कमी पडली, उद्या उसळ करू. तेवढं कळू लागलं की वही बंद करा. जन्मभर मोजत जेवायचं नाहीये, नीट वाढून घ्यायला शिकायचं आहे. येत्या सोमवारपासून सुरुवात करून बघा, आणि पहिलं पान मोठ्यांच्या ताटाचं लिहा.